लालासाहेबाच्या अकरा निलगिरी

आमचा लालासाहेब म्हणजे फौजेतनं परतलेला हवालदार. आधी हात उचलणार, मग विचारणार. माणच्या डोंगरावर त्याच्या अकरा निलगिरींशेजारी हवामानाचं रडार बसलं. इंजिनिअर प्रांजल त्याला सांगायला आली, "काका, या झाडांपलीकडचे ढग रडारला दिसत नाहीत. तुम्ही झाडांचे..."

पुढचं ऐकायला हा थांबतोय कशाला? कुऱ्हाडीचा दांडा तिच्या मनगटावर हाणला. "माज्या झाडास्नी हात लावलास तर मुडदा पाडीन!"

वैशाखात गारपीट झाली. बाकीच्या गावांना आधी फोनवर इशारा गेला. झाडांपलीकडच्या, त्याची लेक दिलेल्या गावाला गेला नाही. जावई आकाराम मेंढरं घेऊन उघड्या माळावर होता. गारांनी साठ मेंढरं ठेचली आणि त्याची कवटी फोडली.

जावयाची राख सावडून आला आणि लालासाहेबानं कुऱ्हाड उचलली. दिवसभर पिसाळल्यागत घाव घालत त्यानं अकराही झाडं आडवी केली. तळहात सोलले, दांडा रक्तानं निसटू लागला. प्रांजल धावत आली, तसा तो गरजला, "घे! पाडली समदी! आता दिसतंय न्हवं?"

प्रांजलनं वाकडं झालेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"काका, नुसते शेंडे छाटायचे होते. त्या दिवशी तेवढंच सांगत होते."