मुर्ध्याच्या दारातला बटण गुलाब

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिलं गेलं ते म्हणजे अर्ज, रेशनकार्डासाठीची माहिती आणि गावी पाठवलेली खुशालीची पत्रं. वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. मी कॉलेजात पोचलो म्हणून मला लिहिता येतं असं नाही. त्यातून जे सांगायचंय ते एका छोट्या रोपाबद्दल आहे आणि त्यात शहाणपण माझं कुठेच नाही. तरीही सांगतो, कारण त्या रोपाने मला एक अख्खं सत्र घोर लावला होता.

मी पाचवीत असताना आम्ही मुंबईतली एक खोली सोडून भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांत राहायला आलो. पहिला मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेर काढलेलं ग्रिल होतं, ते आईने पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतलं. वडील ऑफिसात शिपाई. ऑफिसला रंग लागला तेव्हा त्यांनी रिकामे डबे मागून आणले. आईने खिळ्याने त्यांच्या बुडाला भोकं पाडली, तळाला विटेचे तुकडे घातले आणि त्यांत गुलाब लावले. मोठे नाहीत, बटण गुलाब. रोप वीतभर, पान नखाएवढं आणि फूल कोटाच्या बटणाहून जरासं मोठं. मोठ्या गुलाबाला जागा लागते, ऊन लागतं. हा आमच्यासारखाच, मिळेल तेवढ्यात भागवणारा.

आई त्यांना धुतलेला चहाचा चोथा घाले आणि मासे धुतलेलं पाणी. त्या पाण्यावरून वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकी खिडकीतून वाकून ओरडत, "बेन, मछली का पानी मत डालो, बास हमारे यहाँ तक आता है!" आणि दुसऱ्या दिवशी त्याच काकी जिन्यात आईला थांबवून हळूच विचारत, "भगवान के लिए एक फूल मिलेगा क्या?" शेवटी आईने एक डबा बाजूला काढला. त्याला माशाचं पाणी कधी घालायचं नाही. घरात त्याला 'देवाचा डबा' म्हणत.

हे मासे ज्या मावशींकडून यायचे त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय. त्या भाईंदरजवळच्या मुर्धा गावाहून टोपली घेऊन यायच्या आणि आमच्या जिन्यात बसायच्या. व्यवहार झाला की आई एक फूल तोडून द्यायची आणि मावशी ते तिथेच अंबाड्यात खोचायच्या. अंबाड्याला तेवढंच फूल शोभायचं.

"माज्या म्हायेरी दारान गुलाब व्हता," त्या एकदा म्हणाल्या. "सासरी आली न् मिठाच्या तोंडी पडली. तीन बारी लावला, तीन बारी जळला. घरवाला हसतो. म्हनतो, इथं मीठ पेर, मीठ उगवंल."

त्यांचं घर जुन्या मिठागराला लागून. उन्हाळ्यात अंगणातल्या मातीवर पांढरी साय धरायची. लग्न होऊन वीस-बावीस वर्षं झाली होती आणि त्या अजून विकतचं नाहीतर आईने दिलेलं फूल माळत होत्या.

बारावीची परीक्षा संपली आणि मी कृषी महाविद्यालयाचा विचार बोलून दाखवला. अजून निकाल नव्हता, फॉर्मही आला नव्हता. पण मावशींच्या कानावर गेलं.

"म्हंजी तू झाडांचा डाक्टर व्हनार?"

"हो," मी म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं.

"मंग माज्या दारान गुलाब लावून दे. माज्या दारचं एक फूल माळू दे, मंग तुला मानीन."

मी गंभीर होऊन समजावलं की दोष जमिनीचा आहे, आपण कुंडीत लावू, कुंडीत माती गोडी घातली की झालं. आई म्हणाली, "आपल्याच रोपाची फांदी लावून दे की. रुजते ती." मी म्हणालो, कलमी रोपच चांगलं. स्टेशनजवळच्या हातगाडीवरून बटण गुलाबाचं कलम आणलं, गोणीभर लाल माती आणली आणि मावशींच्या ओट्यावर कुंडी मांडून दिली. त्यांच्या घरवाल्यांनी नमस्कार करून म्हटलं, "डाक्टर, फी काय?"

मेपर्यंत पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या. मी जाऊन पाहिलं आणि बुरशी आहे असं सांगितलं. चुलीतली राख भुरभुरायला लावली. आणखी पानं गळाली. शेवटी आई माझ्याबरोबर मुर्ध्याला आली. तिने पान पाहिलंच नाही. कुंडीशेजारच्या बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि थुंकली.

"अहो मावशी, हे तर खारं!"

"हिरीचं हाय. दुसरं कंचं घालू? नळ येतो एक दिसाआड, घटकाभर. त्यात पियाचं, रांधायचं."

"तांदूळ कशात धुता?"

"गोड्या पान्यान."

"आणि ते पाणी?"

मावशींनी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं ते पाणी मोरीतून जात होतं. मी गोडी माती सांगितली, पाण्याचं विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

तेव्हापासून रोपाला तांदळाचं पाणी मिळू लागलं. पावसाने उरलंसुरलं मीठ धुऊन नेलं. कलमाची एकच काडी जगली होती, बारीक, करपलेली, टोकाला दोन पानं. पण जुलैत बुडाजवळून दोन जाडजूड हिरव्या फांद्या सरळ वर आल्या. बघता बघता कमरेला लागल्या. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. माझा प्रवेश ऑगस्ट संपता संपता झाला, मराठवाड्यातल्या एका कॉलेजात. निघायच्या आदल्या दिवशी मी मावशींना सांगितलं, "आता दसरा झाला की ती करपलेली काडी कापून टाका. उगाच रस खाते. या जाड फांद्यांना फुलं येतील."

"कापीन," मावशी म्हणाल्या.

सप्टेंबरच्या शेवटी आमचं रोपवाटिकेतलं पहिलं प्रात्यक्षिक झालं. तिथल्या माळीकाकांनी आम्हाला गुलाबाच्या ओळीसमोर उभं केलं. कलमी गुलाबाचं मूळ, म्हणजे खुंट, एका झाडाचं असतं आणि वर बसवलेला डोळा दुसऱ्याचा, हे त्यांनी चाकूने दाखवलं. मग जोडाच्या खालून आलेल्या एका जाड, सरळ फांदीवर बोट ठेवलं.

"ही बघा. दिसायला कशी पैलवान! पण ही खुंटाची, जंगली. हिला तुमचं फूल कधी येणार नाही. वरचं कलम मात्र ही उपाशी मारते. नवशिका माळी हिच्यावर खूश होतो आणि कलम कापून टाकतो."

सगळे हसले. मी माझ्या वहीकडे बघत राहिलो. कमरेला लागलेल्या फांद्या, त्यांची मोठी पानं, मी वाजवलेल्या टाळ्या. मावशींच्या दारचं फूल ज्या काडीवर येणार होतं, नेमकी तीच मी कापायला सांगून आलो होतो.

त्याच दुपारी आंतरदेशीय पत्र लिहिलं. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून आईला निरोप: काही झालं तरी बारीक काडी कापू नका, जाड फांद्या मुळापासून काढा. दसऱ्याला थोडेच दिवस होते. पत्र पोचेल की नाही, मी बोटांवर मोजत होतो.

उत्तर आलं ते वडिलांचं. त्यात छताच्या गळतीबद्दल होतं, माझ्या जेवणाबद्दल होतं. गुलाबाचा शब्द नव्हता. वडिलांच्या मते पत्राची जागा रोपावर घालवायची नसते. मी परत विचारलं. पुढच्या पत्रात चुलतबहिणीचं लग्न ठरल्याचं आलं. त्या वर्षी प्रवेश उशिरा झाल्याने दिवाळीला चारच दिवस सुट्टी मिळाली, ती येण्याजाण्यातच गेली असती, म्हणून घरी गेलो नाही. वसतिगृहातली मुलं विचारायची, घरी कुणी आजारी आहे का? गुलाब आहे, असं कसं सांगणार? वर्गात 'कलम' शब्द आला तरी मला मावशींचा अंबाडा दिसायचा, आईने दिलेलं फूल खोचलेला. आणि मी जे सहज 'हो' म्हणालो होतो ते ऐकू यायचं.

डिसेंबरात पत्र आलं. वडिलांनी नेहमीसारखं सगळं लिहून खाली सही केली होती. आणि सहीखाली, समासात, वळणावळणाने कागद संपेपर्यंत:

'ता. क. तुझी आई मागे उभी राहून लिहायला लावते आहे. तुझं पहिलं पत्र दसरा होऊन आठ दिवसांनी मिळालं. आई तशीच मुर्ध्याला गेली. मावशींनी काडी कापलीच नव्हती. म्हणाल्या, जळली तरी या दारान पयली तीच आली, तिला कशी कापू, पोराला वाईट नको वाटाया म्हनून कापीन बोलली. मग आईने जाड फांद्या बुडातून उपटल्या. काल मावशी आल्या. आई फूल तोडायला उठली तर नको म्हणाल्या आणि पाठ वळवून अंबाडा दाखवला. त्यांच्या दारचं आहे, गुलाबी. तुला निरोप सांगितला आहे तो जसाच्या तसा लिहितो. डाक्टरला कळवा, फूल आलं. पन मानलं ते त्याच्या आयशीला.'