येळवशीला घरी राहणारे दाजी

महादेवचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. महादेव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा मुलगा; वडिलांना तो दादा म्हणतो. "मावशी, दादा गेले," एवढंच म्हणाला तो, आणि मी काय म्हणावं? म्हणाले, "अरे, काल तर फोनवर माझ्याशी भांडले की ते." जसं काही आदल्या दिवशी भांडलेला माणूस दुसऱ्या दिवशी जाऊच शकत नाही! भांडण मिठावरून होतं. आक्का जेवणात मीठ घालत नाही, तुझ्या बहिणीला सांग, अशी त्यांची तक्रार, आणि मी नेहमीप्रमाणे बहिणीची बाजू घेतलेली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणजे सांगितलंय, असं मी ठणकावलं होतं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग," आणि फोन ठेवला. त्यांचं माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य.

त्र्यंबकदाजींना जाऊन आता काही आठवडे झाले. तेराव्याला गावातले चार लोक बोलले. सगळे दूध सोसायटीबद्दल बोलले आणि खरंच बोलले. घाटनांदूरच्या बाजूच्या त्या लहानशा गावात दाजी उभा जन्म सोसायटीचे सचिव होते. पहाटे उठून संकलनाला बसायचे. दुधाची डिग्री कमी भरली, म्हणजे पाणी घातलेलं निघालं, की किटली परत, मग ती सख्ख्या भावाची का असेना. भावानं वर्षभर अबोला धरला तरी दाजी हलले नाहीत. मी त्यांना तोंडावर 'गजर' म्हणायची. मेहुणीचा तेवढा हक्क असतो आणि मी तो वसूल करण्यात कधी कसूर केली नाही. तेही मला 'मास्तरीणबाई' म्हणून चिडवायचे, माझ्या शाळेतल्या नोकरीवरून. असा हा नियमाला धरून चालणारा माणूस. पण तेराव्याला बोललेल्यांपैकी एकानंही कुत्र्याचं नाव काढलं नाही. मला तर दाजी म्हटलं की आधी ते कुत्रंच आठवतं. म्हणून हे लिहिते आहे.

कुत्रं आलं दुष्काळातल्या छावणीत. त्या वर्षी बोअर आटले, विहिरींचे तळ दिसले, सोसायटीत येणारं दूध एखाद-दुसऱ्या कॅनवर आलं. तेव्हा दूध गोळा करायचं सोडून सोसायटीनं जनावरांची छावणी चालवायला घेतली. माळावर हिरवी जाळी ताणली, खुंट्या ठोकल्या आणि आसपासच्या गावांतली माणसं जनावरांसकट तिथं राहायला आली. चूल तिथं, अंघोळ तिथं, भांडणं तिथं. एक दिवस कुठून तरी एक म्हातारं, पिवळट रंगाचं, एक कान फाटलेलं कुत्रं आलं आणि ऑफिसच्या पालाच्या तोंडाशी बसलं. उशिरा यायचं, सगळ्यांच्या पुढं बसायचं, काही करायचं नाही आणि खाऊन निघून जायचं, म्हणून बायकांनी त्याचं नाव 'चेअरमन' ठेवलं. सोसायटीच्या खऱ्या चेअरमनना ते लागलं. त्यांनी दाजींना बोलावून सांगितलं, हे नाव बंद करा. दाजी म्हणाले, ठराव मांडा, मंजूर झाला की करतो. ठराव काही कुणी मांडला नाही.

पाऊस झाला, छावणी उठली. ज्याची त्यानं दावी सोडली, गाडीत भांडी टाकली आणि जो तो आपल्या गावाला गेला. दाजी राहिलेल्या ताडपत्र्या आणायला टेम्पो घेऊन गेले, तर उघड्या माळावर, जिथं ऑफिसचं पाल होतं बरोबर त्या जागी, चेअरमन बसलेला. ना सावली, ना माणूस. दाजी ताडपत्र्यांवर त्याला बसवून घरी घेऊन आले. आक्कानं दारातच अडवलं. बोअरला अजून पाणी नाही, घरात प्यायचं पाणी मोजून वापरतोय आणि हे म्हातारं धेंड कुठं बांधता, लहान पिल्लू तरी आणायचं, असं लई बोलली ती. दाजी फक्त म्हणाले, "पिल्लाला कुणीबी नेतंय." आणि कुत्रं ओसरीवर बसलं.

पण त्याला खोकला होता. माणसासारखा, कोरडा. आधी वाटलं घशात काही अडकलं असेल. गावाकडच्या उपचारानं काही फरक पडेना. मग एक दिवस ओसरीची पायरी चढताना ते एकदम कोसळलं, डोळे पांढरे केले, आणि थोड्या वेळानं आपणच उठून बसलं. दाजींनी त्याला जीपमध्ये घालून लातूर गाठलं. मी त्या दिवशी नेमकी आक्काकडे होते, मलाही बरोबर घेतलं, कारण डॉक्टर इंग्रजीत बोलले तर मास्तरीणबाई लागतील! डॉक्टर मराठीतच बोलले. रक्त तपासून, छातीचा फोटो काढून त्यांनी सांगितलं की याच्या हृदयात जंत आहेत. हार्टवर्म म्हणतात. डास चावून होतात, दोऱ्यासारखे लांब वाढतात आणि हृदयात, फुफ्फुसाच्या नळ्यांत गुंता करून राहतात. दाजींना हे खरंच वाटेना. पोटात जंत माहीत होते, काळजात जंत त्यांनी जन्मात ऐकले नव्हते.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं दोन्ही बाजू सांगितल्या. वय झालंय, उपचार लांबडा आहे. नाही केला तर हळूहळू त्रास वाढेल, पण आहेत ते दिवस मोकळा हिंडेल. केला तर गोळ्या आहेत, दर महिन्याला औषध आहे, वाचूही शकेल. मात्र एक अट. कित्येक महिने पळू द्यायचं नाही, उड्या नाहीत, दुसऱ्या कुत्र्यांशी खेळ नाही. किडे आत मरायला लागतात, आणि कुत्रं पळालं की मेलेला किडा फुफ्फुसात जाऊन अडकतो. "बांधूनच ठेवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "तुमचा विचार सांगा." दाजींनी विचार केलाच नाही. नियम कळला की तो पाळायचा, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणाले, करायचं.

आणि पाळला हो, काय पाळला! आक्काच्या जुन्या सुती लुगड्याचा मऊ दोर वळला, गळ्याला काचू नये म्हणून. लघवीला स्वतः दोर धरून न्यायचे, पायरी आली की त्या धेंडाला दोन्ही हातांवर उचलायचे. डासानं झालं ना, मग गल्लीतले टँकरच्या पाण्याचे बॅरल सगळे फडक्यांनी झाकून घेतले, लोकांच्या दारातले सुद्धा. रात्री कुत्र्यावर मच्छरदाणी. गाव बघायला यायचं. सचिवाला म्हातारपणी कुत्र्याचा लळा लागला म्हणून हसायचं. मीही हसले, कशाला खोटं बोलू? पण महिन्याभरात चेअरमनचा खोकला कमी झाला. भाकरी संपवायला लागला. शेपूट हलवायला लागला. आणि अंगात बळ आलं तसा दोर ओढायलाही लागला. दारावरून शेरडं गेली, पोरं पळाली, की हा उभा राहून अंग ताणायचा आणि दाजींकडं बघायचा. दाजी म्हणायचे, "दम धर बे. थोडंच ऱ्हायलंय."

तोवर येळवस, म्हणजे वेळ अमावास्या आली. आमच्या अंबाजोगाईच्या भागात या अमावास्येला घरात कुणी राहत नाही. शेतात कडब्याची खोप करायची, चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करायची, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर असं सगळं शेतातच जेवायचं. आजारी माणूस सुद्धा गाडीत घालून नेतात. गाव ओस. त्यात त्या वर्षी निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, कुलूप लागलेली. आता चेअरमनला कुठं ठेवायचं? घरचं कुणी एकटं मागं ठेवून येळवस करायची, ही गोष्ट आमच्याकडे होत नाही. ज्या आक्कानं त्याला दारात अडवलं होतं, तीच म्हणाली, त्यालाबी घ्या, एवढ्या ओस गावात तो एकटा भुंकत बसंल. दाजींनी त्याला गाडीत मांडीवर घेतलं, शेतात नेऊन बोरीच्या झाडाला बांधलं, आणि दिवसभर तो सावलीत शांत पडून राहिला. आंबील सुद्धा प्याला थोडी.

संध्याकाळी पोरंठोरं, मोठी माणसं, सगळी कडब्याच्या पेटत्या पेंढ्या घेऊन आरोळ्या देत शेताला फेरी घालतात. तशी ती पळाली. आणि चेअरमन उठला. कुई कुई करत त्यानं दोर असा ओढला की गळ्यातून घरघर यायला लागली. पाय मातीत रुतवून ओढत होता. मी दाजींच्या शेजारी उभी होते. ते त्याच्याकडं बघत राहिले... मग वाकले आणि त्यांनी गाठ सोडली. "जाऊ दे. एक फेरी," म्हणाले. चेअरमन असा पळाला, हरभऱ्याच्या कडेकडेनं, त्या पोरांच्याही पुढं, की हे तेच पायरीवर कोसळलेलं कुत्रं यावर माझा विश्वास बसेना. दाजी हसत होते. आम्ही सगळेच हसत होतो. फेरी करून आला, दाजींच्या चपलेवर तोंड ठेवून आडवा झाला, जीभ बाहेर. सकाळी त्याच्या खोकल्यात रक्त आलं. लातूरला निघालो, पण रेणापूरच्या अलीकडे दाजींच्या मांडीवरच त्यानं जीव सोडला.

गाव काय, बोलणारच. सगळ्या जन्मात सचिवानं एकच नियम मोडला आणि तोही नेमका हाच, असं म्हणायला लागले. दाजी कुणाला उत्तर द्यायचे नाहीत. पण पुढच्या येळवशीला ते शेतात आले नाहीत. अंग दुखतंय म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि मग कधीच नाही. सगळं गाव गाड्या जुंपून जायचं आणि दाजी एकटे ओसरीवर बसून राहायचे. आक्का डबा पाठवायची. आम्ही किती विनवलं असेल! मी तर भांडले, नवस बोलू का म्हणाले, लहान मुलासारखे रुसता काय म्हणाले. हलले नाहीत.

एका वर्षी मीच हट्टानं त्यांच्याजवळ घरी राहिले. ओस गावात आम्ही दोघंच. मी म्हणाले, दाजी, एका फेरीचं किती दिवस मनाला लावून घेणार? सोडलंत ते त्याची तडफड बघवेना म्हणून. त्यांनी ओसरीच्या पायरीकडं पाहिलं. मग म्हणाले, "सोडलं त्याचं न्हाई गं. डॉक्टरनं इचारलं होतं, करायचं का ऱ्हाऊ द्यायचं. मी म्हणलो करायचं. त्या कुत्र्याला कुणी इचारलं? म्हातारं जनावर, मोकळं हिंडलेलं. त्याचे शेवटचे दिवस मी दोराला बांधून घालवले."

मी विचारलं, "म्हणजे सोडलंत त्याचं वाईट वाटत नाही, बांधलंत त्याचं वाटतं?"

"दोन्हीचं वाटतंय," ते म्हणाले. "तेच तर हाय."

मी चहा करायला उठले.

पुढं सोसायटी बंद पडली. खाजगी डेअरीची गाडी दारात यायला लागली, लोक तिकडं वळले. पहाटे उठून बसायची दाजींची सवय सुटली नाही, पण उठून करायला काही नव्हतं. मग गेल्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. पाय सुजले. हृदय थकलंय, ठोका कमजोर झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. चढउतार नाही, प्रवास नाही, धूळ नाही, मीठ नाही. ओसरीवर बाज टाकली आणि दाजी बाजेवर. आक्कानं सगळं कडेकोट पाळलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्यासारखीच झाली होती. नियम कळला की पाळायचा.

यंदाच्या येळवशीला मी गेले होते. सकाळी महादेवनं जीपमध्ये घागरी ठेवल्या, सुनेनं भज्जीचं पातेलं ठेवलं. आणि दाजी बाजेवर उठून बसले. डोक्याला टापशी गुंडाळली होती. म्हणाले, "मीबी येतो आज." आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. इतकी वर्षं विनवण्या करून जो माणूस आला नाही, तो आपण होऊन म्हणतो येतो! आक्का म्हणाली, रस्ता खडबडीत आहे, डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना. महादेव म्हणाला, दादा, जरा बरं वाटू द्या, पुढच्या वर्षी आपण सगळे मिळून जाऊ. मीही मान डोलावली. दाजींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. टापशी सोडली, घडी करून उशाला ठेवली आणि आडवे झाले. आक्का त्यांच्यापाशी थांबली. आम्ही शेतात गेलो, जेवलो. घरी आक्कानं त्यांना आंबील दिली, ती सुद्धा बिनमिठाची. एक घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली. त्यानंतर काही आठवड्यांनी ते त्याच बाजेवर गेले, झोपेत.

तेरावं उरकून पाहुणे पांगले तेव्हा आक्का आणि मी ओसरीवर बसलो होतो. सून बाज उचलायला आली, तर आक्कानं हातानंच थांबवलं तिला. मी उगीच काहीतरी बोलत होते. डॉक्टरांचं ऐकलं म्हणून एवढे तरी दिवस मिळाले, खाचखळग्यातून नेलं असतं आणि वाटेत काही झालं असतं तर, वगैरे. आक्का ऐकत होती का नाही कोण जाणे.

"त्या कुत्र्याला शेवटाला सोडणारं माणूस तरी होतं, शोभे," ती म्हणाली. "ह्यांनी तोंडानं मागितलं. जीप दारात उभी होती. मी सोडलं न्हाई."

उशाची टापशी आक्कानं घेतली, घडी मोडली, पुन्हा घातली आणि होती तिथंच ठेवली. बाज अजून ओसरीवरच आहे.