पापणीखालचा रंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. हल्ली हात रिकामे राहिले की मी स्वयंपाकघरातले डबे पुसत बसते. पुसलेले डबे पुन्हा पुसते.

माझी मुलगी स्मिता तेव्हा चोवीस वर्षांची होती. बोरीवलीला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. ऑफिसातून आली की दुसऱ्याच मजल्यावर ती कठड्याला धरून उभी राहायची. धाप लागायची, केस गळायचे. मी तांदूळ निवडायला घेतले की मूठभर उचलून कच्चेच चघळायची. मी म्हणायचे, "पुरे गं, लग्नात पाऊस पडेल!" आणि आम्ही दोघी हसायचो. कसलं हसू येत होतं आम्हाला?

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिची खालची पापणी ओढून मला दाखवली. आत लाली म्हणून नव्हती. रक्त तपासलं, आणि रिपोर्ट घेऊन मी एकटीच त्यांच्याकडे गेले. हिमोग्लोबिन सात. अंगात लोहच नाही, ते म्हणाले, तीन महिने गोळ्या द्या, मग पुन्हा तपासू.

आता इथे — इथेच मी दर वेळी अडते.

आदल्या रविवारी मालाडची मंडळी तिला बघून गेली होती. स्मिता मूळची सावळी, माझ्यावर गेलेली. त्या रंगापायी दोन स्थळं हातची गेली होती. आणि मालाडच्या बाई निघताना म्हणाल्या, "मुलगी उजळ आहे हो तुमची." उजळ! पोरीच्या अंगात रक्त नव्हतं, आणि मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. लोहाच्या गोळ्यांनी माणूस काळवंडतो, असं आमच्याकडे बायका म्हणायच्या. खरं होतं का ते? मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. लग्नापर्यंत थांबू, एवढं ठरवलं. गोळ्या पोह्यांच्या डब्यामागे ठेवल्या आणि स्मिताला सांगितलं — रिपोर्ट चांगला आहे.

लग्न झालं. मग नव्या सुनेच्या हातात गोळ्या कशा द्यायच्या, काय सांगून द्यायच्या? तेही राहिलं. वर्षाच्या आत तिला दिवस गेले. पहिल्याच तपासणीत सगळं दिसलं, पण तोवर रक्त आणखी उतरलं होतं. औषधं सुरू झाली तरी दिवस भरायच्या आधीच ती बाळंत झाली. रक्त चढवावं लागलं. नात दोन किलोचीही नव्हती, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी वाचल्या.

वाचल्या, आणि स्मिताने हिशेब मांडला — लग्नाआधी माझा रिपोर्ट चांगला होता, मग या घरातच माझी आबाळ झाली. सासूने खायला घातलं नाही. खरं तर त्या बाई तिच्यापुढे ताट ठेवून, ती जेवेपर्यंत समोर बसायच्या. मी डोळ्यांनी बघितलंय. पण स्मिता माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती तेव्हा मी काय केलं? तिच्या केसांतून हात फिरवला आणि होकाराची मान डोलावली.

सहा महिन्यांत ती नवऱ्याला घेऊन वेगळी राहायला गेली. नातीला तिकडे पाठवत नाही. विहीणबाईंनी एकदा मला फोन केला — "माझं काय चुकलं हो?" मी म्हटलं, "जाऊ दे हो, आजकालच्या पोरी." किती सहज म्हटलं मी ते!

बाळंतिणीचं रक्त भरून यावं म्हणून त्यांनी तेव्हा अळीवाचे लाडू केले होते. अजून दर थंडीत करून पाठवतात. स्मिता डबा उघडतसुद्धा नाही, तसाच माझ्याकडे आणून ठेवते.

ते लाडू मी खाते.