वैद्यबाईंच्या दारचं बाकडं

मालवणात आमच्या वैद्यबाईंच्या दारात एक बाकडं आहे. आत औषध मिळतं, बाहेर किस्से. औषध संपतं, किस्से साठत जातात. घरी नेऊन सांगायला आता माझी बायको नाही, म्हणून इथे सांगतो.

*

आमच्या घरात दोघंच. मी आणि बारावीतली नात, मनाली. तिची आई नाही, बाप जहाजावर.

पाळी आली की आमच्याकडे मुली तुळशीकडे दिवा लावत नाहीत. तेव्हा मनाली म्हणायची, "आबा, आज दिवो तुमी लावा." त्या विषयावर आमचं बोलणं तेवढंच.

मग कितीतरी महिने तीच रोज दिवा लावत राहिली. हनुवटीवर केस आले, तोंडाला स्कार्फ आला, बोलणं गेलं. बायको असती तर तिने जवळ घेऊन विचारलं असतं. मी नुसता दिव्याकडे बघायचो. शेवटी एसटीत बसवून तिला इकडे आणलं.

*

बाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?" मनालीने माझ्याकडे बघितलं.

"आबा, तुमी वायच भायर बसा," बाई म्हणाल्या.

बाकड्यावर ओळखीचा इनास होता, लेकीला घेऊन आलेला. सरकून, बाकड्यावर थाप मारत म्हणाला, "बस रे. आपल्याक ह्याच औषध."

*

सोनोग्राफी झाल्यावर बाईंनी मलाही आत बोलावलं. "पीसीओएस आहे. बीज वेळेवर पिकून सुटत नाही, म्हणून पाळी लांबते."

"म्हणजे होडी बंदरातच अडकली?"

"तसंच समजा. पण ढकलून निघायची नाही. काढा देते, पण झोप, जेवण, चालणं नेमाने हवं. डॉक्टरांच्या तपासण्याही सोडायच्या नाहीत."

*

काढा असा कडू, की मनाली कपाकडे बघत बसायची. इनासला सांगितलं, तर तो आपल्या लेकीचं सांगू लागला, "माझ्या चेडवान माडाक घातल्यान. नारळ मात बरे धरले!"

*

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर चालायचो. ती पुढे, मी मागे. एक कोळीण म्हणाली, "काय गो, आजोबाक फिरवतंस?"

"होय, तेंका डॉक्टरान चालूक सांगल्यान."

मग मीही थोडा लंगडलो.

*

परवा दिवेलागणीला मी पडवीत बसलो होतो. मनाली बाहेर आली, उंबऱ्याशीच थांबली.

"आबा, आज दिवो तुमी लावा."

उठलो. तुळशीपाशी काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली.

"वारो आसा," मी म्हटलं.

"खंय आसा वारो, आबा?"