वरातीची घोडी

एका ऐतिहासिक युद्धपटाचं परीक्षण मी वेबसाइटसाठी इंग्रजीत लिहिलं होतं. भर लढाईत एक पांढरी घोडी वरातीत नाचावी तशी नाचते, असं त्यात होतं. ते वाक्य मराठीत उतरून कोल्हापूरभर मोबाइलवर फिरलं. लोक तेवढं बघायला थेटरात यायला लागले.

मीही पुन्हा गेले. शेजारी साठीचे एक काका बसले होते. पडद्यावर नगारे वाजले, घोडी नाचली, थेटर हसलं. काकांच्या मुठी लगाम धरल्यासारख्या आवळल्या.

"माझी हाय ती," ते समोर बघतच म्हणाले. "वरातीचीच की. वाजलं की पाय उचलायचा, एवढंच शिकवलंय तिला. आता पुढच्या पिच्चरला नको म्हणालेत."

घोडीनं शिकवलेलं बिनचूक केलं होतं. तिला नगाऱ्यांपाशी उभं करणाऱ्यांची चूक मी तिच्या नावावर लिहिली होती.

मध्यंतरात त्यांनी शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढं धरली. "घे पोरी. आख्ख्या रांगेत तू एकटी हसली न्हाईस. बरं वाटलं बघ."

मी चार दाणे घेतले. ते वाक्य माझं आहे, हे सांगायला तोंड उघडलं, आणि दाणे खाल्ले.