सावलीला भुवई नसते

"तुम्ही मागे, मावशी. पडद्याच्या मागे."

सानिकाताई हे हसून म्हणाली. तिच्या हसण्यात खोट नव्हती, हे आधीच सांगते. शिवी देणारा माणूस मला लांबून कळतो. ही शिवी देत नव्हती.

मी नऊवारी नेसून, चाळ बांधून, कपाळावर कोर रेखून उभी होते. न्हावऱ्याजवळच्या एका बागायतदाराचं जुनं, बंद पडलेलं गुऱ्हाळ. खाली ताजं सारवण, वर दिवे टांगलेले. मधोमध छतापासून जमिनीपर्यंत पांढरं कापड ताणलेलं. कापडाच्या पुढं ताईच्या पुण्याच्या शिष्या, करड्या रंगाच्या सैल कपड्यांत, अनवाणी. कापडाच्या मागं जमिनीवर एक मोठा दिवा. आमच्यासाठी.

"तुमच्या सावल्या पडतील कापडावर," ताई म्हणाली. "फार सुंदर दिसतं. आणि लोक तुमच्याकडे त्या नजरेनं बघणार नाहीत. तुमचा सन्मान राहील."

माझ्या मागं मंगल उभी होती, माझ्या पार्टीतली सगळ्यात जुनी नाचणारी. ती पुटपुटली, "म्हंजी आमी दिसायचंच न्हाई व्हय?"

ताईनं ऐकलं नसेल. ऐकलंही असेल.

मी चौफुल्याच्या एका थिएटरात पार्टी चालवते. तिथं एकेक पार्टी पाळीनं येते, लावणी म्हणते, नाचते. मी आले तेव्हा दुसरीच्या पार्टीत पाणी भरत होते. आज पार्टी माझी, पेटी माझी, मुली माझ्या जबाबदारीवर. कुणाच्या मेहरबानीनं नाही. जत्रांच्या सुपाऱ्या मी स्वतः ठरवते. कवठे येमाईच्या बाजूची पंचमंडळी मला बघून आधी पाणी पितात, मग बोलायला तोंड उघडतात. एकदा एका पुढाऱ्यानं बसलेल्यांना विचारलं होतं, "ही बाई नाचणारी हाय का वकील?" मी म्हटलं, "तुमच्यापुढं दोन्ही व्हावं लागतं, आबा."

तर ही ताई, पुण्यात नाच शिकवणारी, चौफुल्याला आली. बरोबर एक चित्रकार, एक आवाजाचं काम करणारा. म्हणाली, नाच, चित्र, आवाज असं सगळं मिळून एक काम करायचंय, आणि ते तुमच्यावर नाही, तुमच्यासोबत करायचंय. हे "सोबत" तिनं तीन-चारदा म्हटलं.

मला संशय आला. मला येतोच. संशय आला नसता तर मी अजून पाणीच भरत असते.

मी अटी घातल्या. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली. बायकांना वेगळा संडास. न्यायला-आणायला जीप, आणि ती वेळेवर. आमचे ढोलकीवाले आप्पा जेवायला सगळ्यांच्या पंगतीत बसतील, ओट्यावर नाही. आमच्या खोलीत मोबाइल घेऊन कुणी येणार नाही. ताई प्रत्येकाला लगेच "हो" म्हणत गेली. इतक्या लवकर कुणी हो म्हटलं की मी सगळं परत तपासून बघते. तपासलं. काही सापडलं नाही.

पुढं बरेच दिवस त्या गुऱ्हाळात तालीम चालली. मी डोळ्यांत तेल घालून होते. चहा कोणत्या कपात येतो ते बघायचे. एकाच ट्रेमधून, सारख्याच कपात यायचा. आप्पा पंगतीत बसले. खोलीची कडी लागत होती. गुऱ्हाळाचा मालक, ज्याला सगळे दादासाहेब म्हणत, आल्या-गेल्याला सांगायचा, "आमच्या घराण्यानं लोककला जपली." त्याचे वडील आमच्या थिएटरात लोडाला टेकून कसे कला जपायचे ते आप्पांना चांगलं आठवत होतं. आप्पा पानाला चुना लावत नुसते माझ्याकडं बघायचे आणि आम्ही दोघं खाली बघून हसायचो.

आवाजवाल्यानं माझ्या लावण्या भरून घेतल्या, पायांचा आवाजही. मी विचारलं, "कशाला?"

"अभ्यासाला, मावशी."

मी घासाघीस केली. मोबाइलवर टाकायचं नाही, कुणाला विकायचं नाही. त्यानं मान डोलवली. मला वाटलं, जिंकले.

ताई रोज माझ्यासमोर बसून बैठकीची लावणी शिकायची. ही लावणी उभं राहून नाही, बसून करतात. पाय दुमडलेले, हात थोडा, बाकी सगळा चेहरा. एकच ओळ परत परत म्हणायची आणि दर वेळी चेहरा निराळा. आधी रुसवा, मग चेष्टा, मग खरंच काळजात कळ. ती कळ भुवईत आणायची. ताईला ते जमत नव्हतं, पण ती चिकाटीनं करायची. एकदा मी म्हणत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. मला ती आवडायला लागली होती. म्हणून तर मी पूनमला बोलावलं.

पूनम माझी लेक. तळेगाव ढमढेऱ्याला माझ्या भावाकडं वाढली, आता शिरूरला कॉलेज करते. मी नाचते हे तिला माहीत आहे. तिनं मला नाचताना कधी पाहिलेलं नाही. थिएटरात मी तिला येऊ दिलं नाही, आणि तिनंही कधी हट्ट केला नाही.

मी फोन केला. "पुण्याची शिकलेली माणसं येणारेत बघायला. तू ये. म्होरं बस."

ती म्हणाली, "नीट कार्यक्रम आहे ना, आई?"

तो "नीट" मला लागला. तरी मी म्हटलं, "व्हय. नीट हाय."

आणि आता मी त्या पांढऱ्या कापडापुढं उभी होते.

"ताई, माझी लेक येणारे," मी म्हटलं.

"अरे वा! तिला खूप आवडेल."

"तिला काय दिसंल?"

ताईनं एकदा कापडाकडं बघितलं. मग म्हणाली, "मावशी, ही कल्पना पहिल्यापासून होती. तुम्ही विचारलं नाहीत."

खरं होतं. मी विचारलं नव्हतं. कडी विचारली, संडास विचारला, जीप विचारली. कुठं उभं करणार हे विचारलं नाही. कारण ते आमच्या धंद्यात कुणी विचारत नाही. पार्टीची पाळी आली की पार्टी लोकांसमोर येते. दुसरीकडं कुठं येणार? पिऊन आलेले आमच्याकडं येतात, घाण बोलणारे येतात. पण तोंड माझं बघतात. तोंड बघून बोलले म्हणून मला तोंडावर उत्तर देता येतं. मला झाकून ठेवायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं. ते सुचायला माझा सन्मान करणारं माणूस यावं लागलं.

मी म्हटलं, "ताई, सावलीला भुवई नसते."

"म्हणजे?"

"म्हंजी मी रुसले का हसले का रडले, कापडावर एकच दिसणार. तुमी माझ्यापुढं बसून काय शिकलात मग?"

तेवढ्यात दादासाहेब आला. "काय चाललंय? अगं, कशाला तापतेस? घरी बोलावलंय तुला, पंगतीला बसवलंय. आनखी काय पायजे?"

मी म्हटलं, "तुमचे वडील पण मला अगंच म्हणायचे. पण म्होरं बसवून म्हणायचे."

त्याचं तोंड लाल झालं. आप्पा खोकले.

"म्होरं न्हाईतर न्हाई," मी ताईला म्हटलं. "ठरवा."

मला वाटलं होतं ती आता खाली येईल. भाव करताना एक जागा येते, तिथं समोरचा वाकतो. मी ती जागा ओळखते. पण ताई वाकली नाही आणि भांडलीही नाही. थकल्यासारखी म्हणाली, "ठीक आहे. मी जबरदस्ती करणार नाही." मग मान वळवून शिष्यांना म्हणाली, "तुमच्यातल्या तिघी मागे या. आवाज आहेच आपल्याकडे."

तिघी मागं गेल्या. दिवा लागला. कापडावर सावल्या पडल्या. नऊवारी नव्हती म्हणून त्यांनी कमरेला ओढण्या गुंडाळल्या. कापडाच्या या बाजूनं अगदी आम्हीच.

तेव्हा मला कळलं. कापडामागं कुणीही चालत होतं. इतके दिवस आम्ही कुणीही होतो.

मंगल माझ्या कानाशी आली. "आक्का, सावली तर सावली. करून टाकायचं व्हतं."

"तुला जायचं तर जा."

ती गेली नाही. कुरकुरत चाळ सोडायला बसली.

दिवेलागणीला लोक आले. पूनमही आली, नवा ड्रेस घालून. मी पहिल्या रांगेत, तशीच सजलेली, तिची वाट बघत बसले होते. ती माझ्याशेजारी बसली. "तू इथं कशी? तुझं आहे ना?"

"बघ," मी म्हटलं.

अंधार झाला. कापड उजळलं. आणि माझा आवाज आला. छतातून, भिंतीतून, सगळीकडून. मी माझ्या जागी तोंड मिटून बसलेली आणि माझा आवाज दुसऱ्या कुणाच्या सावलीतून येत होता. मी जिथं भुवई उचलते तिथं त्या सावलीनं हात उचलला. मागं कुणीतरी "वाः" म्हणालं.

पूनमनं माझा हात धरला. "आई, हा तुझा आवाज?"

मी उठले.

"आवाज बंद करा," मी म्हटलं. "त्यो माझा हाय."

आवाज चालूच राहिला. मी मोठ्यानं म्हटलं. मला मोठ्यानं बोलता येतं, ढोलकीवरून बोलायची सवय आहे. "अभ्यासाला म्हणून घेतलाय त्यो. बंद करा!"

आवाज थांबला. सावल्या दोन-चार पावलं तशाच नाचल्या, मग उभ्या राहिल्या. लोक माझ्याकडं बघायला लागले. माझी कोर, माझी नथ, माझा शालू. मग एकानं टाळी वाजवली. त्याचं बघून दुसऱ्यांनी. चांगल्या दाबून टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, हेही बसवलेलंच आहे.

मी ओरडले, "ह्ये बसवलेलं न्हाई!" तर आणखी टाळ्या.

माझा आजवर पुष्कळ अपमान झाला आहे. त्या टाळ्यांइतका नाही.

मी पूनमला घेऊन बाहेर आले. जीपशी मंगल, आप्पा, मुली थांबल्या होत्या. पूनमनं हात सोडवून घेतला.

"सगळ्यांसमोर ओरडायची काय गरज होती? माझ्या कॉलेजच्या मॅडम आल्या होत्या तिथं."

"मग?"

"मग काय! त्यांना सांगितलंय मी, आई रांजणगावला कंपनीत आहे म्हणून. आता कळलं त्यांना."

"काय कळलं?"

ती माझ्या चाळांकडं बघत राहिली. चाळ अजून माझ्या पायात होते.

कंपनीचं ते मीच शिकवलं होतं तिला, भावाच्या घरी ठेवताना. विचारलं कुणी तर असं सांग. तिनं शहाण्या मुलीसारखं सांगितलं. आईला दिसू द्यायचं नाही, म्हणजे आईचा सन्मान राहतो, हे ताईनं आज सांगितलं. पूनमला ते लहानपणापासून पाठ होतं.

"आई, पुढच्या महिन्यात पालकसभा आहे," ती हळू म्हणाली. "मामालाच पाठव."

"मामा यायचा न्हाई," मी म्हटलं. "मी येणार."

"नको ना, आई."

"येणार. मॅडमनी इच्चारलं का सांगणार, चौफुल्याला नाचते. पार्टी माझी हाय. तुझ्या कॉलेजची फी तिथनं येते, तेबी सांगणार."

ती रडायला लागली. मंगल तिला जवळ घ्यायला गेली, मी मंगलला थांबवलं. रडू दे. तिला माझी लाज वाटते, ती मी तिच्या डोक्यात घातली, ती आता तिची तिनं काढायची. मी तिच्यासाठी राबेन, उपाशी राहीन, कुणाशीही भांडेन. लपणार नाही. ताईसाठी नाही, दादासाहेबासाठी नाही, आणि माझ्या पोटच्या पोरीसाठीही नाही.