भाकर फुगल्यावर वाजणारी गिटार

शेवटच्या संध्याकाळी शेवंता भाकरी थापत होती आणि मी गिटार घेऊन दारात बसलो होतो. तिनं चुलीवर तवा ठेवला की मी रेडिओ सुरू करायचा आणि पहिली भाकर फुगली की वाजवायचं, हा आमच्या घरचा रोजचा नेम. भाकर फुगली. मी एक सूर ओढला. मागं न बघताच तिनं निकाल दिला, "कच्चं हाय जी."

"तुये कान म्हातारे झाले."

"कान म्हातारे, अन् बोटं काय काल पाळण्यातून उतरले?"

मग आम्ही जेवलो. पहाटे ती उठलीच नाही.

बायकोवर लिहितो म्हणून गोड लिहिणार नाही. तोंडाची फटकळ होती. मी चौथी नापास, जानेफळच्या बँड पार्टीत झांजा बडवायचो. एक दिवस बँडच्या मास्तरांनी कुठून तरी स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आणली आणि माझ्या गळ्यात मारली. दाराच्या फळीला तारा ठोकाव्या तसं ते लाकूड. तिचा वेगळा भोंगा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून दुरुस्तीवाल्यानं तिची वायर आमच्या घरच्या, तापायला वेळ घेणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत जोडून दिली. मास्तरांनी मेहकरात इंग्रजी तबकडी ऐकली होती. तिच्यात गिटार म्हणे सासरी निघालेल्या पोरीसारखी हेल काढून रडते. आमची नुसती टिणटिण करायची.

शेवंता म्हणायची, "गाणं हाय का कोनी ताटल्या घासून राह्यलं?"

रेडिओ जळेल या भीतीनं मी आवाज बारीक ठेवायचो आणि लावला की लगेच वाजवायचो. एकदा ती चिडलीच. "थंड्या तव्यावर भाकर टाकते काय कोनी? तापू द्या ना त्याले! अन् बटन काऊन असं कंजुसासारखं फिरवता?"

तापू दिला. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. टिणटिण गेली, आवाज घोगरा आणि जाड झाला. ती म्हणाली, "आता त्याच्या तोंडापाशी बसा. लांबून बोलल्यावर कोन रडते?" जवळ सरकलो, तर सूर मरेचना. तार दाबून बोट हलवलं की तो हुंदके द्यायचा. "आता भाजलं," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलटली.

खरी परीक्षा बीबी गावच्या एका लग्नात झाली. आमचा क्लॅरनेटवाला ऐन वेळी आलाच नाही. मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "त्याच्या जागी आज तुयं लाकूड रडलं पाहिजे. नाही तं उद्यापासून पुन्हा झांजा." मुलगी शेवंताच्या नात्यातली, म्हणून ती मांडवामागं बायकांत भाकरी करत होती. मी घरून आणलेला रेडिओ लावला आणि घाबरून लगेच तारेला हात घातला, तोच मागून आरोळी आली, "थांबा जी! तवा तापला नाही अजून!"

मास्तर तडकले, "बाई, इथं बँड हाय का पंगत?"

"तुमचा बँड असंन, रेडिओ आमचा हाय!"

सगळा मांडव हसत होता आणि मी घाम पुसत बसलो होतो. मग आवाज आला, "फुगली व माय!" मी बटण फिरवलं आणि सूर ओढला. नवरदेवाचे मामा मानपानावरून रुसून निंबाखाली बसले होते, ते धोतर सावरत पळत आले. "कोन रडून राह्यलं बे? काय झालं?" आलेच आहेत म्हणून लोकांनी त्यांना धरून पाटावर बसवलं. मास्तर त्यानंतर झांजांचं नाव काढायचे नाहीत. मात्र दर लग्नात आचाऱ्याला आधी विचारायचे, "तवा ठेवला काय?"

परवा तिला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून डबे आले, सुतकात घरची चूल पेटत नाही म्हणून. मी पेटवली. तवा ठेवला, रेडिओ लावला. शेजारची वहिनी धावत आली.

"भाऊजी, येडे झाले काय? काय रांधता?"

"काही नाही. रेडिओ तापवून राह्यलो."

पीठ मळून भाकर थापली, ती पालथ्या चपलेसारखी झाली. फुगायची वाट बघितली. फुगली नाही, एका अंगानं करपली. तेव्हा बटण शेवटपर्यंत फिरवलं, रेडिओच्या तोंडापाशी बसलो आणि सूर ओढला. अंगणातले सोयरे उठून उभे राहिले.

सूर विरला. चुलीकडं बघून मीच म्हणालो, "कच्चं हाय." आणि दुसरी भाकर थापायला घेतली.